रोहणाला लावलेली हळद

आश्विन लागला की आमच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, रोहणाच्या झाडाची साल सैल होते. हे मला कोणी शिकवलं नाही, बोटांनीच कळतं. पावसाळाभर झाडाच्या अंगात पाणी चढतं, मग एक दिवस ऊन असं काही पडतं की सोयाबीनच्या शेंगा वावरात तडतडतात, आणि त्या दिवशी रोहणाच्या खोडावर पालथी मूठ ठोकली की आवाज पोकळ येतो. आज सकाळी मी ठोकून पाहिलं. आला. तिकडे थ्रेशर चालू होता, सगळ्या शिवारात भुशाची धूळ, पऱ्हाटीची पहिली बोंडं नुकती उकललेली. मी पिशवीतून हळद काढली, लोट्यातल्या पाण्यात कालवली आणि छातीएवढ्या उंचीवर झाडाला लावली.

हो, अजूनही लावतो. ज्यांना त्या हळदीची हकिकत ठाऊक आहे ते मला हसतात. हसू द्या. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे. लिहायला बसलो तर ओळ सरळ जात नाही, पण बोलणं सरळ आहे. म्हणून तो आश्विन मी स्वतःच लिहितो. दुसऱ्या कोणी लिहिला तर त्यात माझी फजिती तेवढी राहील आणि माझा अभिमान गळून जाईल.

बोरी अरबपासून आमचं गाव बैलगाडीच्या वाटेनं जवळ आणि डांबरी रस्त्यानं लांब आहे. धुऱ्यावर दोन रोहण आहेत. माझ्या बापानं सागाला हात लावला, धावडा तोडला, रोहण मात्र ठेवले. साल वरून खडबडीत, राखाडी. सोलली की आत लाल, वीट भाजल्यासारखी. तुकडा जिभेवर ठेवला तर जीभ आखडते आणि जेवणाच्या वेळेपर्यंत कडू राहते. ताप, हगवण, चिघळलेली जखम, गाठ, सूज, काही असलं की लोक आमच्या घरी यायचे. बाप द्यायचा, मग मी देऊ लागलो. पैसा कधी घेतला नाही.

साल काढायची आमच्या घरची रीत आहे. आदल्या दिवशी झाडाला आवतन द्यायचं. हळद लावायची, मुळाशी चार दाणे टाकायचे आणि म्हणायचं, ‘उद्या येतो, माणसासाठी नेऊन राह्यलो, राग मानू नको.’ दुसऱ्या दिवशी जिथं हळद लावली तिथंच कोयता लावायचा. उगवतीकडूनच काढायची, खोडाला कडं कधी करायचं नाही, नाही तर झाड वाळतं. आणि साल निघाली की झाडाच्या जखमेला पुन्हा हळद. माणसाच्या जखमेला लावतो, मग झाडाच्या का नाही? या हळदीवरून माझी बायको जन्मभर मला बोलत आली आहे. ‘झाडाले मूठभर हळद, अन् माह्या वरणात चिमूट पडली तं म्हनते जास्त झाली!’

आमची नात प्रणाली यवतमाळला औषधांच्या कॉलेजात पीएचडी करत होती. आमच्या घराण्यातली पहिलीच. खोली करून राहायची, सणासुदीला एसटीनं यायची. तिचं काम असं, की झाडपाल्याचा अर्क काढायचा आणि तो कॅन्सरच्या पेशींवर टाकून पाहायचा, मरतात का. एकदा ती म्हणाली, ‘आबाजी, आपल्या रोहणाची साल पाहू का?’ मला वाटलं, बापाचं नाव आता काचेच्या भांड्यात जाणार. तिला म्हणालो, ‘तुले कायले तरास? मीच काढतो, वाळवतो, कुटून भुकटी देतो.’ आणि दिली. सावलीत वाळवली, उखळात कुटली, फडक्यानं चाळली. मेंदीच्या पुडीला शरम वाटावी अशी बारीक.

ती भुकटी तिनं स्पिरिटात भिजत घातली, गाळली, आटवली. तळाला जे उरलं ते तिनं मला दाखवलं होतं. काकवीसारखं, पण रंगानं काळपट लाल. तेवढ्यातच सगळा गुण, म्हणाली. मग ते मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेलं. तिथं तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी काचेच्या ताटल्यांमध्ये वाढवतात. कोणा एका माणसाच्या तोंडातल्या. माणूस केव्हाच मेला, पण पेशींना खाऊपिऊ घातलं तर त्या वाढतच राहतात. ते ऐकून मला जेवण गेलं नव्हतं. माणूस गेला, त्याचं नाव गेलं, त्याची बायकोपोरं कुठं असतील कोण जाणे. आणि त्याला ज्यानं मारलं ते तेवढं जिवंत. आमची पोट्टी त्याच्याशी लढते आहे, काचेच्या आड का असेना.

नवरात्रात तिचा फोन आला. मी खळ्यावर होतो. थ्रेशरच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून पऱ्हाटीत शिरलो. दोन ओळींच्या मधे पान असं चिकटलं अंगाला की अजून आठवतं. ‘आबाजी, मेल्या! लय मेल्या! सर म्हणाले, इतकं चांगलं यावर्षी कोणाचंच नाई!’ नागपूरच्या कोणत्या तरी मोठ्या सभेत ती हे मांडणार होती, नाव आधीच गेलं होतं. मी फोन बंद केला, टोपी काढली आणि उघड्या डोक्यानं धुऱ्यापर्यंत गेलो. झाडाला सांगितल्याशिवाय माणसाला सांगणं बरं नव्हतं.

मग मात्र माणसांना सांगितलं. बोरीच्या बाजारात सांगितलं, पानठेल्यावर सांगितलं. ऐकणाऱ्यांच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता, हातात पन्नीत घोटणं चालू होतं, आणि मान डोलत होती. ‘मंग आता काय भेव राह्यलं, आबाजीच्या घरी औषध हाय!’ एक जण म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. गोष्ट खरी वाटत होती म्हणून हसलो.

दिवाळीला प्रणाली घरी होती, तेव्हा रशीदभाई आला. बोरीत मोटारपंप दुरुस्त करतो, हाताला कायम ग्रीस. त्याच्या थोरल्या भावाला खर्ऱ्यानं गालाचा कॅन्सर झालेला, नागपूरला त्याच्या सुया चालू होत्या. ओट्यावर बसला, चहाची बशी हातात तशीच.

‘काकाजी, भाईजानचे बाल गेले. जेवण नाई जात. म्हणते, अब नाई जाता नागपूर. तुमी साल द्या ना. सुई बंद करतो, हेच चालू करतो.’

मी उठलोच होतो. डब्यात भुकटी होती. तेवढ्यात आतून पोट्टी बाहेर आली.

‘मामू, बसा. सुई बंद करू नका.’

‘बेटी, तूच तं शोध लावला म्हणते.’

‘काचेत मेल्या, मामू. काचेतल्या पेशी साबणाच्या पाण्यानंही मरते. म्हून कोणी साबण पेते का? माणसाले द्यायच्या लायक हाय का नाई, ते समजाले अजून लय वर्षं लागन. नाईही समजन. तोवर डॉक्टर सांगन तेच करा. उलटीचं, जेवणाचं त्यायलेच सांगा, त्यावरही औषध असते.’

रशीदभाईनं माझ्याकडे पाहिलं. मी नातीकडे पाहिलं. माझ्या ओट्यावर, माझ्या बापाच्या सालीला तिनं साबणाच्या पंगतीला बसवलं होतं. डबा माझ्या हातातच राहिला. रशीदभाई गेल्यावर मी म्हणालो, ‘गावासमोर इज्जत काहून काढली माही?’ ती म्हणाली, ‘इज्जत राह्यली म्हून बोलली, आबाजी. त्याचा भाऊ मेला असता तं मंग गेली असती.’

उत्तर मला आवडलं नाही. खरं होतं, पण आवडलं नाही.

आश्विन-कार्तिकातली ती उन्हं वेगळी असतात. सकाळी गवतावर दव, दुपारी पाठ भाजते, संध्याकाळी अंगावर घोंगडं लागतं. सागाची पानं किडे खाऊन चाळणी करतात, आणि त्या चाळणीतून ऊन खाली सांडतं. अशाच एका दुपारी, सुटी नाही, सण नाही, प्रणाली पायी पायी येताना दिसली. फाट्यावरून चालत. मला वाटलं कॉलेजात काही झालं. तिनं पिशवी खाली ठेवली, पाणीही प्यायली नाही.

‘आबाजी, सालीत हळद कुठून आली?’

‘मी लावली.’

‘कधी?’

‘आवतन देतानी. अन् साल काढल्यावर झाडाले. त्याच हातानं साल गोळा केली. काहून?’

तिची आजी चुलीकडून ओरडली, ‘अन् कुटली माह्या हळदीच्या उखळात! म्या म्हनलं होतं धुऊन घ्या, तं म्हनते हळदीनं काय होते!’

पोट्टीनं कपाळाला हात लावला आणि ओट्यावर बसली. मग सांगितलं. अर्कात काय काय आहे हे पाहायला ती त्याचा एक ठिपका काचेवरच्या पांढऱ्या थरावर ठेवते. काच एका द्रवात उभी केली की ठिपका वर चढता चढता फाकतो आणि त्याचे निरनिराळे रंग वेगळे होतात. जांभळ्या दिव्याखाली धरला तर काही चमकतात. सालीत जो नसावा असा एक पिवळा ठिपका झगझगीत चमकला. बाजूला घरच्या हळदीचा ठिपका ठेवला, तर तोही तितकाच चढला, तसाच चमकला. सालीची भुकटी लाल, त्यात पिवळं डोळ्याला दिसलंच नव्हतं.

‘मंग? हळद का शेण हाय? देवाले चालते, तुह्या काचेले चालत नाई?’

‘काचेले सारं चालते, म्हूनच तं पंचाईत. हळद अशा परीक्षेत लय लवकर पास होते, आबाजी. काचेत सारं मारते. माणसाच्या पोटात गेली की रक्तापर्यंत धड पोचतच नाई. मले आता कसं समजावं, पेशी कोणं मारल्या? सालीनं का हळदीनं?’

‘सालीनं. मी सांगतो ना.’

‘तुमी सांगता म्हून नाई चालत.’

माझं डोकं फिरलं. म्हणालो, ‘तो ठिपका कोणं पाह्यला?’

‘मीच.’

‘मंग बोलू नको ना! नागपूरले नाव गेलं, सर खूश हायेत. कायले आपल्याच हातानं मोडतं?’

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागानं पाहिलं असतं तर मी भांडलो असतो. मला नव्यानं मापल्यासारखं पाहिलं. म्हणाली, ‘सरायले मी सांगून आली. नागपूरचं नाव मागं घेतलं. आता हळद न लावलेली साल पाहिजे.’

‘हळदीबिगर मी रोहणाले हात लावत नाई.’

‘मंग मी लावते.’

‘माह्या झाडाले?’

‘तुमच्या झाडाले.’

आम्ही बोलणं सोडलं. एकाच ओट्यावर जेवायचं आणि मीठ मागायचं तर आजीकडे. आजी दोघांनाही शिव्या घालायची. ‘एक सुतळी अन् दुसरी तिचीच गाठ!’ तिकडे कापूस वेचायला आला होता, बाया ओळीनं वेचत होत्या, पदराच्या ओटीत पांढरे ढीग. मी त्यांच्यामागे उगीच फिरत होतो. मनात एकच गोष्ट. एवढ्या वर्षांत आवतन न देता एकदाही साल काढली नव्हती. बापानं सांगितलेलं होतं. बाप चुकला असेल असं म्हणायचं मला धैर्य नव्हतं, आणि नात चुकते असं म्हणायला तोंड नव्हतं.

एका संध्याकाळी बाया कापूस बांधून घरी निघाल्या. मी पऱ्हाटीतच होतो, वाकून एक राहिलेलं बोंड काढत. पाहतो तर पोट्टी रोहणाजवळ उभी. हातात जोंधळ्याचे दाणे. इकडेतिकडे पाहिलं, कोणी नाही असं समजली. दाणे मुळाशी टाकले आणि हात जोडले.

‘रोहणबाबा, मी आबाजीची नात. उद्या येते. साल न्यायची हाय. हळद नाई आणली, त्याचा राग माह्यावर करा, आबाजीवर नाई.’

मग म्हणाली, ‘अन् खरं काय ते सांगा बाप्पा. बरं नसलं तरी सांगा.’

माझा हट्ट तिथं मोडला असं कोणी म्हणू नये. मी तो बाजूला ठेवला. आवतनाला हळदच लागते असं बापानं सांगितलं होतं. पण आवतन म्हणजे मनापासून बोलावणं, आणि इतक्या मनापासून मीही कधी बोललो नव्हतो. मी तर आयुष्यभर झाडाला सांगत आलो, ‘गुण दे.’ खरं सांग असं त्याला कधी म्हटलं नव्हतं.

सकाळी मी कोयता धुऊन, चुलीवर तापवून, गार करून तिच्या हातात दिला. ती हसली नाही, पण न्याहारीला मीठ सरळ मलाच मागितलं. हातमोजे घालून तिनं पहिल्या झाडाची साल काढली, उगवतीकडून, कडं न करता. मी लांब उभा, हात मागे बांधून. मग ती म्हणाली, ‘आता दुसऱ्या झाडाची तुमी काढा. जशी नेहमी काढता तशीच. हळद लावून, त्याच हातानं.’

‘काहून?’

‘तेही पाहाचं हाय. अन् आजीच्या डब्यातली हळदही नेते वेगळी.’

तीन पुड्या झाल्या. कोरी साल, हळदीची साल, नुसती हळद. आजीनं हळद देताना डबा दोनदा दाबून बंद केला आणि म्हणाली, ‘माही पास होईन, पाह्य.’ मला मात्र मनातून फार बरं वाटलं. माझ्या बापाची रीत, लोकांनी अडाणी म्हटलेली, परीक्षेला बसली होती. इतकी मोठी इज्जत तिला कोणीच दिली नव्हती. चांगलं म्हणणारे पुष्कळ भेटले, वाईट म्हणणारेही. तपासून पाहतो म्हणणारी हीच पहिली.

आता कॉलेजातली दुसरी पोरंपोरीही येतात, हे झाड दाखवा, ते दाखवा म्हणत. प्रणाली आता तिथंच शिकवते. पोरांना सांगून पाठवते, ‘आबाजी म्हणतील ते ऐका, पण त्यांच्या हातानं काही घेऊ नका.’ पोरं लाजत लाजत पिशवीतून हातमोजे काढतात. मी म्हणतो, घाला बाप्पा, घाला. मी हात मागे बांधतो. पोरं झाडाजवळ आधी गप्प उभी राहतात. कोणी दाणे आणतो, कोणी नुसतंच पुटपुटतं. ते कोणी शिकवलं, मी विचारत नाही.

त्या तीन पुड्यांचा निकाल आला तेव्हा तूर काढणीला आली होती. फोनवर तिचा आवाज सपाट होता. ‘आबाजी, कोऱ्या सालीनं थोडं केलं. लय थोडं. त्यात दम नाई. हळदीनं लय केलं. हळदीच्या सालीनंही तेवढंच.’

‘म्हंजे?’

‘म्हंजे मागच्या वेळी हळदच होती.’

मी तुरीच्या पेंढीवर बसलो. तिला म्हणालो, ‘म्हंजे साल खोटी?’

‘असं मी म्हणत नाई. तापावर चालते का, जखमेवर चालते का, ते मी तपासलंच नाई. जेवढं तपासलं तेवढंच बोलते. या रोगाच्या पेशींवर तिचा काही जोर नाई.’

त्या दिवशी जेवलो नाही. आजी म्हणाली, ‘माही हळद पास झाली म्हून रुसले का?’ हसू आलं. आमच्या दारी आलेल्या माणसाला आम्ही नेहमी एकच शब्द दिला, ‘गुण येईन.’ बापानं दिला, मी दिला. येत नाही, असं म्हणायची हिंमत कोणात नव्हती. दार वाजवणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवणं आम्हाला पाप वाटायचं.

कॉलेजात तिला हे सगळं मांडायचं होतं. मी म्हणालो, येतो. आजी म्हणाली, ‘कायले? तुमचंच हसं होईन.’ मी धुतलेलं धोतर नेसलो, टोपीला नीळ दिली आणि गेलो. यवतमाळात उतरलो, ऑटोनं कॉलेजात. हॉलमध्ये पंखे, खुर्च्या, समोर पांढरा पडदा. मी मागे बसलो. पडद्यावर माझं रोहण आलं, भिंतीएवढं, छातीवर पिवळा पट्टा. तिनं सांगितलं, हे माझ्या आजोबांचं झाड, ही त्यांची रीत. त्या रीतीमुळे पहिल्या सालीत हळद गेली. ती माझ्या लक्षात आधी यायला हवी होती, साल कशी काढली हे मी त्यांना विचारायला हवं होतं. पहिला निकाल मी मागे घेते. हा खरा. कोणी हसलं नाही.

बाहेरगावाहून आलेले एक सर उठले. बोलणं साधं होतं, टोचून नव्हतं. ‘एवढी वर्षं घातलीत. शेवटी हाती काय आलं?’

पोट्टीनं पडद्याकडे पाहिलं. मला वाटलं आता रडते. म्हणाली, ‘सर, एक झाड यादीतून कमी झालं. याच्यामागे आता दुसरं कोणी वर्षं घालणार नाही. आणि याच्या भरवशावर कोणी पेशंट उपचार सोडणार नाही.’

सरांनी मान हलवली, बसले, आणि बसल्यावर टाळी वाजवली. मग बाकीच्यांनी. मी वाजवली नाही. माझे दोन्ही हात गुडघ्यांवरच राहिले. डोळ्यापुढे रशीदभाईचा भाऊ होता. तो तेव्हा पुन्हा नागपूरला जाऊ लागला होता. बरा होईल का, मला माहीत नव्हतं, त्याच्या डॉक्टरांनाही नसेल. पण माझ्या डब्यातली भुकटी त्याच्या आड आली नव्हती. आणि ती अडवणारी माझ्या घरची होती, माझ्या रक्ताची, माझ्याइतकीच हट्टी.

परतीच्या एसटीत ती माझ्याबरोबर होती. खिडकीशी बसली आणि गाडी गावाबाहेर पडते न पडते तोच डोकं माझ्या खांद्यावर टाकून झोपली. समोरच्या सीटवर आमच्याच गावचा एक जण होता, बाजार करून निघालेला. त्यानं मागे वळून विचारलं, ‘काय आबाजी, साल पास झाली का मंग?’

‘नाई,’ मी म्हणालो, ‘फेल झाली.’

‘अरे बाप रे. कोणं फेल केली?’

‘माह्या नातीनं!’ एवढ्या जोरात बोललो की कंडक्टरनं मान वर करून पाहिलं. समोरच्याला कळेना, वाईट झालं म्हणावं की चांगलं. त्याचं तोंड तसंच उघडं राहिलेलं पाहून मी म्हणालो, ‘उद्या घरी ये. पेढे खाऊन जा.’